विस्तवावर पाणी

आमच्या घरातला दिवसाचा पहिला आवाज शेणी मोडण्याचा असायचा. वाळलेली शेणी, म्हणजे शहरात गोवरी म्हणतात ती, गुडघ्यावर धरून मोडली की ठप्प असा दबका आवाज येतो. त्या आवाजाने मला जाग यायची. डोळे न उघडताच कळायचं की आत्या चुलीपुढे बसली आहे, तिने वरची राख बाजूला सारली आहे, खालचा निखारा अजून लाल आहे आणि आता ती फुंकणीने त्याला जागं करते आहे. मग फुंकणीचा लांब श्वास, मग माडाच्या सुक्या झावळीची सरसर, मग धूर. धूर आधी वर कौलांपर्यंत जायचा, तिथे थोडा रेंगाळायचा आणि मग खाली आमच्या गोधडीपर्यंत यायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. घर म्हटलं की धूर असणारच, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा खाडीत बुडून गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आई या घरात सून म्हणून आली तेव्हा चूल आत्याच्या ताब्यात होती. आईने ती कधी मागितली नाही आणि आत्याने कधी दिली नाही. रांधायची आई, पण विस्तव आत्याचा. चुलीत काय घालायचं, केव्हा घालायचं, कोणतं लाकूड कशासाठी राखून ठेवायचं हे सगळं आत्या ठरवायची. भाकरीला तिवराचं लाकूड लागायचं. तिवर खाडीच्या चिखलात उगवतं, त्याचं लाकूड जड असतं आणि त्याची आच एकसारखी लागते. डाळ आणि वाल शिजवायला शेणी, कारण त्यांची आच हळू. सुका बोंबील भाजायचा तो मात्र नुसत्या निखाऱ्यावर, ज्वाळ विझल्यावर. बोंबील निखाऱ्यावर टाकला की त्याचा जो वास सुटायचा, त्याने अंगणातली मांजरं चुलीपर्यंत यायची आणि आत्या फुंकणी उगारून त्यांना म्हणायची, "या, बसा, तुमच्यासाठीच भाजतंय!"

आज आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला इमारतीत राहतो. सुनेच्या स्वयंपाकघरात गॅस पाइपातून येतो. परवा नातीने मला विचारलं, "आजी, गॅस संपणं म्हणजे काय गं?" मी तिला सांगायला लागले आणि माझं मलाच हसू आलं. तिला गॅस संपणं माहीत नाही, आणि मला तिच्या वयात विस्तव विझणं माहीत नव्हतं. कारण आमच्या घरचा विस्तव विझत नसे. मला चार माणसांत बोलायचा धीर कधीच झाला नाही, अजूनही होत नाही. म्हणून ही गोष्ट मी कुणाला तोंडाने सांगितलेली नाही. लिहायला बसल्यावर मात्र हात थांबत नाही.

विस्तव विझत नसे, त्यामागे आत्या होती. रात्री जेवणं झाली की ती जाड निखारे चुलीच्या पोटात एका जागी ओढायची, त्यावर अर्धी शेणी ठेवायची आणि राखेने झाकून टाकायची. सकाळी राख सारली की आत निखारा तसाच. आमच्या आळीत सगळ्यांनाच हे जमत नव्हतं. कुणाची शेणी ओली असायची, कुणी दमून झोपून जायचं. आगपेटी सगळ्यांकडे होती, पण काडी ओढून चूल पेटवणं आमच्याकडे कमीपणाचं मानत. म्हणून उजाडता उजाडता आळीतल्या बाया कौलाचा तुकडा घेऊन आमच्या मागच्या दाराशी यायच्या. "आत्या, विस्तव दे गो." माझी आत्या अख्ख्या आळीची आत्या होती. ती चिमट्याने निखारा उचलायची, कौलावर ठेवायची आणि वर थोडी राख भुरभुरायची, म्हणजे वाऱ्याने उडू नये. शेजारची बायजाकाकी रोज हटकून यायची. ती म्हणायची, "तुझ्या विस्तवाला धग हाय आत्या. माझी काडी नुसती धुपते." आत्या नुसता पदर सारखा करायची. नवरा नाही, मूल नाही, अशा बाईकडे रोज सकाळी चार घरं काहीतरी मागायला येतात, ही किती मोठी गोष्ट आहे, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मी चौथी झाल्यावर घरी राहिले. माझ्याकडे शेणी थापण्याचं काम आलं. गोठ्यातलं शेण, भाताचा तूस आणि थोडं पाणी. भिंतीवर थापलेल्या शेणींवर माझ्या पंजाचे ठसे उठायचे. आई आणि मी जास्तीच्या शेणी आणि तिवराच्या मोळ्या डोक्यावरून पनवेलला न्यायचो. तिथे मुसलमान मोहल्ल्यात एक घर आमचं ठरलेलं होतं. त्या घरातल्या बाईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिचा नवरा कुवेतला होता. खाला मोळी उतरवून घ्यायची, आम्हाला पाणी द्यायची आणि आईला म्हणायची, "सुंदराबाई, तुझं लाकूड सुकं असतं, बिलकुल फसवेगिरी नाही." आई खूश व्हायची. मी मोळीच्या आड उभी राहायचे.

मग शेत गेलं. नवं शहर व्हायचं होतं, त्यात गावातल्या पुष्कळांची शेतं गेली, त्यात आमचंही. शेत नाही तर बैल कशाला, चरायला माळ नाही तर गाय कशाला. गोठा रिकामा झाला. बैल गेले तेव्हा बाबा दिवसभर गोठ्यातच बसून होते. शेण गेलं तेव्हा मात्र आत्या रडली. घरातल्या पुरुषांना वाटत होतं की जमीन गेली. चुलीपुढे बसणाऱ्यांना आधी कळलं ते जळण गेल्याचं. पुढे खाडीत भराव पडला, तिवरं तोडायला बंदी आली. आई कोयता घेऊन जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. त्याच सुमारास खालाही म्हणाली, "आता मोळी आणू नको गं, माझ्याकडे गॅस आला." मला तेव्हा त्या गॅसचा फार राग आला होता.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो न्हावा शेव्याला बंदरावर कामाला लागला होता. तिथे कंटेनरमधून आलेल्या पेट्यांची फळकुटं पडून असायची. दादा येताना ती लॉरीवाल्याकडून गावाच्या फाट्यापर्यंत आणायचा आणि तिथून खांद्यावर. पिवळं, हलकं, गुळगुळीत लाकूड, त्यावर काळ्या शाईचे परदेशी शिक्के. एका काडीत भडकायचं. आत्याला तर सोनं सापडल्यासारखं झालं. बायजाकाकीला ती दाखवायची, "हे बघ, आगबोटीतनं आलंय. आमच्या चुलीत परदेशाचं लाकूड जळतंय." आळीतल्या सगळ्या बाया ते बघायला आल्या. एकीने तर ते फळकूट हुंगून पाहिलं आणि म्हणाली, "औषधासारखा वास येतोय." आत्या म्हणाली, "मंग चांगलंच की. घरात ढेकून राहनार नाय."

ढेकूण राहिले की गेले ते आठवत नाही. पण आईचा खोकला सुरू झाला तो त्या लाकडापासून. त्या धुराला एक तिखट कडा होती. डोळ्यांतून पाणी यायचं, जिभेवर कडू चव राहायची. आधी आई भाकऱ्या थापताना मधे मधे उठून दारात जायची. मग प्रत्येक भाकरीनंतर जायला लागली. मग बोलताना वाक्य अर्धं सोडून श्वास घ्यायला लागली. माझी आई बडबडी होती. आळीत भांडण लागलं की लोक आधी तिला बोलवायचे, कारण एकदा ती बोलायला लागली की दोन्ही बाजूंचं तोंड बंद व्हायचं. ती आता "हिरे..." एवढं म्हणायची आणि पुढचं हाताने दाखवायची. हिरा माझं नाव. मला त्या खुणा समजायच्या, पण बघवायच्या नाहीत.

दादाने तिला पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बाई, आजपासून धुरात बसायचं नाही. औषध देतो, पण धूर चालू राहिला तर औषधाचा उपयोग नाही. एखाद्या दिवशी श्वास अडकेल तो सुटायचा नाही."

आई म्हणाली, "धुरात नाय बसायचं, मंग मी बसू कुठं?"

तिला खरंच प्रश्न पडला होता. डॉक्टर हसले, पण ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही, कारण आईची घरात दुसरी जागाच नव्हती.

दादाने घरी येऊन चूल परसात हलवायची गोष्ट काढली. पावसाळा तोंडावर होता, परसात छप्पर नव्हतं. शिवाय आत्याने विचारलं, "विस्तव घराबाहेर काढतात? कोन मेलंय?" तो विषय तिथेच संपला. मग दादाने गॅससाठी नाव घातलं. सिलिंडर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. लाल रंगाची टाकी, ती सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेली, आणि मागे आळीतली सगळी पोरं. आईने टाकीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ओटीवर जिथे पाहुणे बसायचे तिथे तिला ठेवलं, वर भरतकामाचा रुमाल घातला. येणारा जाणारा वाकून बघायचा. बायजाकाकीने तर टाकीला नमस्कार केला.

आत्या लांब बसून बघत होती. ती म्हणाली, "लाकूड दिसतं. शेनी दिसते. ह्या डब्यात काय हाय ते कुनाला दिसतंय? जे दिसत नाय त्याच्यावर रांधायचं कसं?"

दादा म्हणाला, "आत्या, वारा हाय त्यात. पेटनारा वारा."

"वारा पेटला तर घर राहील?"

मग टाकी आत नेली आणि शेगडी आतल्या खोलीत कट्ट्यावर मांडली. पहिली भाकरी आईने करायची ठरलं. आता काय चुकलं ते सांगते. आमच्याकडे तांदळाची भाकरी खापरीवर भाजायची पद्धत. खापरी म्हणजे मातीचा तवा, काळाभोर, वर्षानुवर्षं आच खाल्लेला. चुलीची ज्वाळ त्याला सगळीकडून सारखी चाटते, म्हणून तो तापतो पण फुटत नाही. आईने तीच खापरी गॅसवर ठेवली. दुसरं काही ठेवायचं आमच्या मनातही आलं नाही. गॅसची निळी आच एका जागी, मधोमध. भाकरीवर पाणी फिरवलं आणि एवढ्यात खापरी तडकली. मोठा आवाज झाला. अर्धी भाकरी आचेवर पडली, अर्धी जमिनीवर. आई मागे सरकताना पडली आणि मी तिला धरलं. आत्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या आईची खापरी होती ती."

त्या दिवशी निकाल लागला. गॅसवर चहा करायचा, पाहुणे आले तर. भाकरी चुलीवर. आणि आमच्याकडे भाकरी म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ. म्हणजे आई पुन्हा धुरात. तिने नवी खापरी आणली आणि चुलीपुढे बसली. तिच्या श्वासाला आता शिट्टीसारखा आवाज येत होता. पाऊस लागला होता, दारं बंद, कौलं ओली, धुराला बाहेर जायला वाट नव्हती. मी रोज तिच्याकडे बघायचे आणि मला डॉक्टरांचं ते वाक्य ऐकू यायचं.

एक दिवस मी कुणाला न सांगता पनवेलला खालाकडे गेले. डोक्यावर मोळी नव्हती. मोळी नसताना त्या दारात काय म्हणून उभं राहायचं ते मला कळेना. मी बराच वेळ पायरीपाशी भिजत उभी होते. शेवटी खालानेच बघितलं.

"अगो, सुंदराबाईची पोर ना तू? पावसात का उभी? मोळी नको म्हटलं होतं मी."

"मोळी नाय आणली," मी म्हटलं.

"मग?"

"भाकर शिकायला आलेय. गॅसवरची."

आयुष्यात मी परक्या घरात जाऊन काही मागितलं, ते तेव्हा पहिल्यांदा. खालाने मला आत घेतलं, अंग पुसायला टॉवेल दिला. खापरीचं सांगितल्यावर तिने दोन्ही कानांना हात लावले. "तौबा! मातीची खापरी गॅसवर ठेवली? माझ्या सासूनेही हेच केलं होतं. वर मलाच बोलली!" आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मग तिने मला लोखंडी तवा दाखवला. तांदळाची उकड आमच्यापेक्षा जरा सैल, भाकरी जरा पातळ. वरून पाणी फिरवायचं ते सुकायच्या आत उलटायची. आणि मुख्य गोष्ट अशी की आच मधेच असते, म्हणून कड कच्ची राहते. "भाकरी फिरवू नको गं, तुटेल. तवा सरकव. आधी ही कड आचेवर, मग ती कड. तवा आचेवरून फिरला पाहिजे." माझ्या पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या. खालाने त्या सगळ्या तिच्या कोंबड्यांना घातल्या आणि म्हणाली, "बघ, यांना तरी आवडतायत." मी पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा गेले. एक दिवस माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. खालाने जुना तवा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "ने. आईला सांग, खालाने सलाम सांगितलाय."

घरी मी गॅसवर भाकरी केली. बाबांनी खाल्ली आणि अजून मागितली. दादाने खाल्ली. आत्यापुढे ताट ठेवलं, तिने आधी भाकरीची कड मोडून बघितली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. "कड शिजलीय," ती म्हणाली. आमच्या आत्याकडून यापेक्षा मोठी पावती कुणालाच कधी मिळाली नव्हती. मला वाटलं, जिंकले मी. आता चूल बंद.

पण चूल बंद झाली नाही. आत्या म्हणाली, "भाकर होऊ दे तुमच्या गॅसवर. माझं काय नाय. पन चूल विझवायची नाय." आणि तिने चुलीत फळकूट सरकवलं. आता चुलीवर काही नव्हतं, तरी चूल पेटलेली होती, सकाळी विस्तव न्यायला येणाऱ्या बायांसाठी. आणि चूल जळतेच आहे तर गॅस कशाला खर्च करायचा म्हणून आई तिच्यावर भात ठेवायची, मग आमटी, मग आंघोळीचं पाणी. धूर होता तिथेच, आणि आई त्याच्यापुढे. मी शिकलेल्या भाकरीने काहीच बदललं नव्हतं. मी आईला हात धरून उठवायचे, ती म्हणायची, "बसू दे गो. आत्याला वाईट वाटंल." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागायचं.

मग ती सकाळ. पाऊस कोसळत होता. मागच्या दाराशी बायजाकाकी आणि अजून दोघीतिघी कौलाचे तुकडे पदराखाली धरून उभ्या होत्या. रात्री विस्तव दमट राखेत कोमेजला होता, म्हणून आत्याने त्यावर पावसाने ओलावलेली फळकुटं रचली आणि फुंकायला लागली. ज्वाळ येईना, नुसता धूर. पिवळट, तिखट धूर. आई चुलीवरचं भाताचं भांडं सरकवायला वाकली आणि तशीच राहिली. तिने भिंतीला हात लावला. तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं. ओठ निळे पडले. ती माझ्याकडे बघत होती. या वेळी ती हाताने काही दाखवत नव्हती.

"आत्या, थांब," मी म्हटलं. आत्याला ऐकू गेलं नाही, ती फुंकत होती. माझा आवाज कधीच कुणाला ऐकू जात नसे.

आमच्यात विस्तवावर पाणी ओतत नाहीत. निखारा राखेने झाकतात. विस्तवावर पाणी म्हणजे घरावर पाणी, हे आम्हाला लहानपणीच सांगितलेलं असतं. चुलीजवळ भरलेली कळशी होती. मी ती उचलली आणि चुलीत ओतली. सगळी.

चूल सापासारखी फुत्कारली. वाफ आणि राख उसळून सगळ्यांच्या अंगावर आली. तापलेली माती मधोमध चिरली. दारातल्या बाया "आई गं!" करत मागे सरकल्या. मी मागचं दार ताणून उघडलं, पुढचं उघडलं, आईला धरून ओटीवर आणलं आणि पावसाचे तुषार येत होते तिथे बसवलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. मग आईच्या छातीतून तो शिट्टीचा आवाज आला, आणि त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलं नाही.

आत्या आतून आली, मागोमाग मागच्या दारातल्या बायाही. तिच्या कपाळावर राख होती. "काय केलंस गो हिरे? काय केलंस हे?"

मी म्हटलं, "विझवली. आता मी ती पेटवनार नाय आनि कुनाला पेटवू देनार नाय." सगळ्या आळीपुढे म्हटलं. बायांनी हातातले कौलाचे तुकडे खाली ठेवले, म्हणजे माझा आवाज ऐकू गेला असणार. अजून माझाच विश्वास बसत नाही, पण ते मीच म्हटलं होतं. जन्मात मी फार काही केलेलं नाही. हे मात्र केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

बाबा दुपारी घरी आले. बायजाकाकीने त्यांना वाटेतच सगळं सांगितलं होतं. ते आत गेले, चिरलेल्या चुलीकडे बघितलं, ओटीवर बसलेल्या आईकडे बघितलं. मी मार खायच्या तयारीने उभी होते. बाबांनी आडवी पडलेली कळशी उचलली, विहिरीवर नेऊन भरली आणि आणून तिच्या जागी ठेवली. आत्या दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी आई जगली, बरं झालं. माझं काय वैर हाय तिच्याशी? पन उद्या बायजा येनार. तिला मी काय देऊ? रिकाम्या हातानं दारात उभी राहू?" आणि तेव्हा मला कळलं की आत्याने चूल कशासाठी धरून ठेवली होती. भाकरीच्या चवीसाठी नाही, खापरीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी बायजाकाकी आली नाही. कुणीच आलं नाही. आत्या मागच्या दाराशी बसून होती. मी गॅस पेटवला, चिमट्यात नारळाची करवंटी धरली आणि आचेवर ठेवली. करवंटी धरायला वेळ घेते, पण एकदा धरली की तिचा निखारा तिवरालाही लाजवेल असा होतो. लालबुंद झाल्यावर मी ती कौलाच्या तुकड्यावर ठेवली, वर राख भुरभुरली आणि आत्यापुढे धरली. आत्याने त्याच्यावर तळहात धरून धग बघितली.

"हा विस्तव कुठला?"

"आपल्याच घरातला."

ती उठली, पदर सारखा केला आणि कौल घेऊन स्वतः बायजाकाकीच्या दाराशी गेली. आत्या विस्तव पोचवायला गेली, असं आळीने पहिल्यांदाच बघितलं. बायजाकाकीने विचारलं म्हणे, "तुमची तर चूल विझली ना?" तर आत्या म्हणाली, "चूल विझली, घर नाय विझलं. घे, हात भाजंल."

मग तिने गॅस पेटवायला शिकायचं ठरवलं. सापाचं शेपूट धरावं तशी ती हात लांब करून, तोंड फिरवून काडी लावायची आणि भप्प झालं की मला शिवी द्यायची. काही दिवसांनी तोंड फिरवणं बंद झालं. पुढे आळीत एकेका घरी सिलिंडर यायला लागला, तेव्हा पहिली आच आत्याच्या हातची, असा रिवाजच पडला. पावसाळा सरल्यावर परसात तीन दगड मांडून पाणी तापवायची सोय केली. ती फळकुटं तिथे मोकळ्या हवेत जळायची आणि बोंबीलही तिथेच भाजायचो. घरात मात्र पुन्हा चूल मांडली नाही.

आईचा खोकला एकदम गेला नाही. हळूहळू शिट्टी कमी झाली, मग फक्त पहाटे, मग तीही नाही. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि मान डोलावली, पण माझा त्यावर विश्वास बसला नाही. तो बसला थंडीत, एका दुपारी. आईने गॅसवर सुकटीचं कालवण ठेवलं होतं आणि मला लक्ष ठेवायला सांगून ती जरा आडवी झाली होती. मी बायजाकाकीच्या मुलीशी बोलत तिच्या अंगणात जाऊन बसले. कालवण करपलं, भांडं काळं झालं, वास सगळ्या आळीत गेला. आई ओटीवर आली आणि तिथूनच सुरू झाली.

"हिरे! अगो भवाने, तुला सांगितलं काय आनि तू बसलीस कुठं, कालवनाचा कोळसा केलास, भांडं तुझा बाप घासनार काय, एवढी सुकट साफ करून माझी बोटं झिजली आनि तुझ्या गप्पा संपत नाय, सासरी जाशील तेव्हा सासू काय म्हनंल, म्हनंल आईनं काय शिकवलं, म्हनंल..."

आत्या मधे म्हणाली, "सुंदरे, पोर ऐकतेय, थांब जरा."

आई थांबली नाही. आळीतले लोक दारात येऊन बघायला लागले. बायजाकाकी हसत होती. मी अंगणात खाली मान घालून उभी राहिले आणि मोजल्यासारखं ऐकत राहिले. माझ्या सात पिढ्या झाल्या, बायजाकाकीच्या मुलीचं झालं, गॅसच्या टाकीचंही झालं, आणि एवढ्या सगळ्यात श्वास घ्यायला आई मधे एकदाही थांबली नाही.